फर्ज, सुन्नत, मुस्तहब, मुबाह : सीमाभागातील वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात घरात दखनी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड बोलणारी मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. धर्मविषयक पुस्तके मात्र बहुतेक उर्दूत असतात आणि शाळा मराठी किंवा कन्नड माध्यमातून झालेल्या अनेक तरुणांना ती सहज वाचता येत नाहीत. त्यामुळे एखादी गोष्ट बंधनकारक आहे, चांगली आहे की नुसतीच चालण्याजोगी आहे, हे ऐकीव माहितीवर ठरते आणि घराघरांत वाद होतात. हे प्रश्न अशाच वादांतून आलेले आहेत.

प्रश्न : कृत्यांची ही वर्गवारी म्हणजे नेमके काय?

इस्लामी कायद्यात, म्हणजे फिकहमध्ये, वयात आलेल्या आणि शुद्धीवर असलेल्या माणसाच्या प्रत्येक कृत्याला काही ना काही दर्जा असतो. ते कृत्य केलेच पाहिजे, केल्यास चांगले, केले काय आणि न केले काय सारखेच, टाळल्यास चांगले, किंवा करताच कामा नये, असे हे पाच दर्जे आहेत. त्यांना अनुक्रमे वाजिब, मंदूब, मुबाह, मकरूह आणि हराम म्हणतात. मंदूब म्हणजेच आपल्याकडे रोजच्या बोलण्यात ज्याला मुस्तहब म्हणतात ते. सुन्नत आणि नफिल हेही त्याच परिवारातले. हराम काय आहे हे बहुतेकांना लहानपणापासून माहीत असते. खरा गोंधळ दुसऱ्या आणि तिसऱ्या दर्जात होतो, म्हणून इथे त्या दोहोंवर अधिक लिहिले आहे.

प्रश्न : कोणी पाच प्रकार सांगतात, कोणी सात. बरोबर कोणते?

दोन्ही बरोबर आहेत. शाफई, मालिकी आणि हंबली पंथांचे विद्वान सर्वसाधारणपणे पाच दर्जे मानतात. इमाम अबू हनीफा (६९९–७६७) यांच्या पंथात बंधनकारक कृत्यांचे फर्ज आणि वाजिब असे दोन भाग होतात, आणि टाळण्याच्या बाजूला मकरूह तहरीमी (हरामच्या जवळचे) व मकरूह तंजीही (नुसते नापसंत) असे दोन भाग होतात. शिवाय सुन्नतीतही मुअक्कदा म्हणजे ताकीद असलेली आणि गैर-मुअक्कदा म्हणजे ताकीद नसलेली असा भेद केला जातो.

आपल्याकडे हा फरक पुस्तकी राहत नाही. घाटमाथ्यावर हनफी कुटुंबे जास्त, तर घाट उतरून कारवारच्या पुढे गेले की शाफई कुटुंबे भेटतात; भटकळचे नवायत शाफईच आहेत. दोन्हीकडचे नातेसंबंध जुळले की बकरी ईदच्या सुमारास हमखास प्रश्न निघतो : एका घरात कुर्बानीला वाजिब म्हणतात आणि दुसऱ्या घरात सुन्नत, हे कसे?

प्रश्न : मग फर्ज आणि वाजिब यांत फरक काय?

हनफी मांडणीनुसार ज्या आज्ञेचा पुरावा निःसंशय आहे आणि जिचा अर्थही निःसंशय आहे, ती फर्ज. पाच वेळची नमाज, रमजानचे रोजे, जकात आणि ऐपत असलेल्यावर हज ही त्याची उदाहरणे होत. पुराव्यात किंवा अर्थात थोडीशी जरी शंकेला जागा असेल, तरी आज्ञा बंधनकारक राहते, पण तिला वाजिब म्हणतात. इशाच्या नंतरची वित्र नमाज, दोन्ही ईदच्या नमाजा, सदका-ए-फित्र (रमजान ईदचे दान) आणि निसाब म्हणजे ठराविक मालमत्ता असलेल्यावर कुर्बानी ही वाजिबची उदाहरणे आहेत. फर्ज नाकारणारा इस्लामच्या कक्षेबाहेर जातो, वाजिब नाकारणारा जात नाही. मात्र दोन्ही विनाकारण सोडणे गुनाहच आहे.

शाफई पंथात वित्र, ईदची नमाज आणि कुर्बानी या तिन्ही गोष्टी ताकीद असलेल्या सुन्नती आहेत. त्यासाठी ते एक दाखला देतात : हजरत अबू बक्र आणि हजरत उमर यांनी कधी कधी कुर्बानी केली नाही, कारण लोक तिला बंधनकारक समजू लागतील अशी त्यांना भीती वाटत होती. हनफी विद्वान या दाखल्याचा वेगळा अर्थ लावतात. त्यामुळे कारवारकडच्या व्याह्यांनी एखाद्या वर्षी कुर्बानी केली नाही तर त्यांना दोष देण्याचे कारण नाही. आपण हनफी असाल आणि आपल्याकडे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी गरजेपलीकडची मालमत्ता असेल, तर ती आपल्यावर वाजिब आहे.

प्रश्न : सुन्नत मुअक्कदा सोडल्यास गुनाह होतो का?

एखाद वेळी अडचणीमुळे सुटली तर नाही. विनाकारण सोडण्याची सवयच लावून घेतली तर हनफी विद्वान त्याला दोषास पात्र ठरवतात. रोजच्या नमाजांत अशा बारा रकाती (नमाजची आवर्तने) येतात : फजरच्या आधी दोन, जुहरच्या आधी चार व नंतर दोन, मगरिबनंतर दोन आणि इशानंतर दोन. असरच्या आधीच्या चार आणि इशाच्या आधीच्या चार गैर-मुअक्कदा आहेत. त्या पढल्या तर सवाब म्हणजे पुण्य, न पढल्या तर कसलाही ठपका नाही. पाळीवर जाणाऱ्या कामगाराने जेवणाच्या सुटीत जुहरचे फर्ज आणि मुअक्कदा सुन्नती पढून कामावर परतणे हे पूर्णपणे योग्य आहे. मागच्या रांगेतून लवकर उठणाऱ्याकडे वळून पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांतला एतिकाफ, म्हणजे इबादतीसाठी मशिदीत मुक्काम, हीदेखील मुअक्कदा सुन्नत आहे, पण ती मोहल्ल्याच्या वतीने एकानेही केली तरी पुरते.

प्रश्न : मुस्तहब म्हणजे ‘केले तर केले’ असेच ना? मग त्याला महत्त्व कशाला?

असे म्हणणे त्या दर्जावर अन्याय करणारे आहे. बुखारी यांच्या संग्रहात हजरत अबू हुरैरा यांच्याकडून आलेली एक हदीस, म्हणजे प्रेषितांचे वचन, आहे. तिच्यात अल्लाह म्हणतो की माझा बंदा माझ्याजवळ येण्यासाठी जे काही करतो त्यात मी फर्ज केलेल्या गोष्टींहून मला अधिक प्रिय काही नाही, आणि तो नफिल कृत्यांद्वारे जवळ येतच राहतो, इतका की मी त्याच्यावर प्रेम करू लागतो. या हदीसमध्ये क्रमही आहे आणि मोलही आहे. आधी फर्ज, पण प्रेमापर्यंतची पुढची वाट नफिलचीच.

मुस्तहब कृत्यांची व्याप्तीही फार मोठी आहे. तहज्जुद, चाश्तची नमाज, सोमवार-गुरुवारचे रोजे, प्रत्येक चांद्र महिन्याच्या १३, १४ व १५ तारखेचे रोजे, अरफाच्या दिवसाचा रोजा हे आपल्याला चटकन आठवतात. पण आजाऱ्याची विचारपूस करणे, वाटेतला काटा-दगड बाजूला करणे, हसतमुखाने भेटणे आणि झाड लावणे याही गोष्टी हदीसमध्ये तितक्याच स्पष्टपणे आल्या आहेत. मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे किंवा पेरलेल्या पिकाचे माणसाने, पाखराने वा जनावराने जे खाल्ले तो त्याच्यासाठी सदका (दान) ठरतो, असे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. घटप्रभा-कृष्णेच्या काठी बांधावर आंबा-चिंच लावणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगितले पाहिजे. तो जन्मभर सवाबाचे काम करत असतो आणि त्याला ते कोणी सांगितलेलेच नसते.

शेजाऱ्याचा हक्कही यातच येतो. हजरत जिब्रील शेजाऱ्याबद्दल मला इतकी ताकीद करत राहिले की ते त्याला वारसाहक्कच देतील असे मला वाटू लागले, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी म्हटले आहे. यात शेजारी कोणत्या धर्माचा असावा अशी अट घातलेली नाही.

प्रश्न : शेजारी म्हणतात, अमुक मुस्तहब आहे म्हणून सर्वांनी ते केलेच पाहिजे. असा आग्रह धरावा का?

धरू नये. या प्रश्नाला इतर प्रश्नांपेक्षा अधिक जागा देणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या भागातील निम्मी भांडणे इथून सुरू होतात.

हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांचे बुखारीतले वचन पाहा. नमाज संपल्यावर उजवीकडूनच वळले पाहिजे असे मानून कोणी आपल्या नमाजचा वाटा सैतानाला देऊ नये, कारण प्रेषितांना अनेकदा डावीकडून वळताना मी पाहिले आहे, असे ते म्हणतात. उजवीकडून वळणे चांगलेच आहे. ते बंधनकारक मानणे मात्र त्यांना इतके गंभीर वाटले. मुस्तहबवर इतका जोर दिला की ते लोकांना आवश्यक वाटू लागेल, तर तो आग्रहच मकरूह ठरतो, असा नियम पुढे फकीहांनी, म्हणजे फिकहच्या विद्वानांनी, यावरून सांगितला.

स्वतः प्रेषितांनी रमजानमध्ये काही रात्री मशिदीत तरावीह (रमजानची रात्रीची जादा नमाज) पढवली, मागे गर्दी वाढत गेली, आणि मग एका रात्री ते बाहेर आलेच नाहीत. ही नमाज तुमच्यावर फर्ज होईल आणि तुम्हाला ती झेपणार नाही अशी भीती मला वाटली, असे त्यांनी सकाळी सांगितले. मिस्वाकबद्दलही (दात घासायची काडी) त्यांनी म्हटले आहे की माझ्या उम्मतला (अनुयायांना) जड जाणार नसते तर प्रत्येक नमाजवेळी मी तिची आज्ञाच दिली असती. शव्वालच्या सहा रोजांचा सवाब मुस्लिम यांच्या संग्रहातील हदीसने सिद्ध आहे, तरी इमाम मालिक यांना ते पसंत नव्हते, कारण अजाण लोक ते रमजानला जोडून घेतील आणि फर्ज समजतील अशी धास्ती त्यांना होती. बहुसंख्य विद्वानांनी त्यांचे हे मत स्वीकारले नाही, आणि ते रोजे आजही मुस्तहबच मानले जातात. पण मदीनेच्या इतक्या मोठ्या इमामाला काळजी कशाची वाटत होती, ते यावरून दिसते.

आणखी एक प्रसंग आहे. नज्दकडचा एक विस्कटलेल्या केसांचा ग्रामीण माणूस आला आणि आपल्यावर काय काय बंधनकारक आहे ते त्याने विचारले. पाच नमाजा, रमजानचे रोजे, जकात असे त्याला सांगितले गेले. प्रत्येक वेळी तो विचारी, याशिवाय आणखी काही? उत्तर येई, नाही, स्वखुशीने करशील तर वेगळे. यात मी भर घालणार नाही आणि काही कमीही करणार नाही, असे म्हणून तो निघून गेला. प्रेषित म्हणाले, हा खरे बोलत असेल तर यशस्वी झाला. फर्ज नीट पाळणाऱ्या ऊसतोड कामगाराला किंवा हमालाला नफिल नमाजांवरून कमीपणा देणाऱ्याने ही हदीस पुन्हा पुन्हा वाचावी.

प्रेमाने सुचवणे, आठवण करून देणे आणि स्वतः करून दाखवणे यांना मात्र कोणतीही आडकाठी नाही.

प्रश्न : मुबाह म्हणजे काय? त्याची यादी कुठे मिळेल?

यादी नाही, आणि नसण्याचे कारण आहे. वस्तू आणि व्यवहार मुळात मोकळे आहेत, मनाई सिद्ध करावी लागते, असा बहुसंख्य विद्वानांचा नियम आहे. पृथ्वीवर जे काही आहे ते सर्व त्याने तुमच्यासाठी निर्माण केले, ही सूरह बकराची २९वी आयत त्याचा आधार मानली जाते. इबादतीचा म्हणजे उपासनेचा नियम याच्या उलट आहे : तिथे प्रत्येक गोष्टीला पुरावा लागतो, स्वतःच्या मनाने नवी नमाज काढता येत नाही.

म्हणून बेळगावी कुंदा हलाल आहे का, मोबाइलवर पैसे पाठवणे चालते का, कन्नड माध्यमात मुलाला घालणे योग्य का, असे विचारणाऱ्याने पुरावा मागण्याची दिशा उलटी धरलेली असते. मनाईचे काही कारण, म्हणजे दारू, व्याज, फसवणूक, नापाक वस्तू वगैरे, त्यात आढळत नसेल तर ती गोष्ट मुबाह आहे आणि तिला कोणाच्या परवानगीची गरज नाही. ‘मुबाह आहे’ याचा अर्थ ‘जेमतेम चालते’ असा लावू नये. ती खुल्या मनाने दिलेली मोकळीक आहे.

प्रश्न : मुबाह कामाचा सवाब मिळतो का?

नुसत्या कामाचा मिळत नाही, नीयतीचा मिळतो. बुखारीतली पहिलीच हदीस सांगते की कृत्ये नीयतीवर अवलंबून असतात. रात्री लवकर झोपणे मुबाह आहे. फजरला जाग यावी म्हणून झोपणे सवाबाचे आहे. पत्नीच्या तोंडात घातलेल्या घासाचाही सवाब मिळतो, असे हजरत साद यांना सांगितले गेले होते. मात्र नीयत हरामला हलाल करू शकत नाही : व्याजाचा पैसा मदरशाला देण्याच्या विचाराने घेतला तरी व्याज घेणे हे व्याज घेणेच राहते.

अंदलुसियाचे विद्वान शातिबी (मृत्यू १३८८) यांनी यात एक खोल विचार जोडला आहे. एखादे कृत्य सुटे पाहिले तर मुबाह असते, पण एकूण पाहिले तर त्याचा दर्जा बदलतो. आज अमुक पदार्थ खाल्ला नाही तर काही बिघडत नाही, पण अन्नच सोडून देणे हराम आहे. करमणूक तासभर मुबाह आहे, सगळे आयुष्य तिच्यात घालवणे नाही. मंदूबलाही ते हेच लावतात : एका दिवशी जमात (सामूहिक नमाज) चुकली तर चालते, पण अख्ख्या गावाने अजान आणि जमात सोडून दिली तर ते चालत नाही.

प्रश्न : कुरआनातील प्रत्येक आज्ञा फर्ज असते ना?

नाही. वाक्य आज्ञेचे असले तरी संदर्भावरून दर्जा ठरतो. इहरामातून, म्हणजे हजच्या वेळच्या निर्बंधांच्या अवस्थेतून, बाहेर आल्यावर ‘शिकार करा’ (५:२) असे आहे. म्हणजे शिकारीची मनाई उठली, हाजींनी शिकार केलीच पाहिजे असे नव्हे. जुमाच्या नमाजनंतर ‘जमिनीवर पांगा आणि अल्लाहची कृपा शोधा’ (६२:१०) ही दुकान पुन्हा उघडण्याची मोकळीक आहे.

उधारीची आयत (२:२८२) अधिक विचार करण्यासारखी आहे. ठराविक मुदतीचे कर्ज लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असे ती सविस्तर सांगते. कुरआनचे भाष्यकार तबरी आणि जाहिरी (शब्दशः अर्थ घेणाऱ्या) पंथाच्या विद्वानांनी हे लेखन बंधनकारक मानले. बहुसंख्यांनी ते मंदूब मानले, कारण लगेच पुढच्या आयतीत परस्परांवर विश्वास असेल तर ज्याच्यावर विश्वास टाकला त्याने ठेव परत करावी असे आहे. दर्जा मंदूब असला तरी माझा कळकळीचा सल्ला आहे की लिहावेच. ऊसबिल आल्यावर देतो म्हणून घेतलेले हातउसने पैसे, भावाने दुकानात घातलेली रक्कम, बहिणीच्या नावचे गुंठे हे सर्व तोंडी राहते, एकजण वारतो आणि मुले आयुष्यभर एकमेकांच्या दारात जात नाहीत. एक वहीचे पान, तारीख, रक्कम आणि दोन सह्या एवढेच लागते.

प्रश्न : मुस्तहब कधी वाजिबपेक्षा श्रेष्ठ असू शकते का?

नियम असा की बंधनकारक कृत्याचा सवाब ऐच्छिक कृत्याहून मोठा. पण जुन्या विद्वानांनी काही सुंदर अपवाद नोंदवले आहेत. सलाम करणे सुन्नत आहे आणि त्याचे उत्तर देणे वाजिब, तरी आधी सलाम करणारा श्रेष्ठ. अडचणीत सापडलेल्या कर्जदाराला मुदत देणे वाजिब आहे (२:२८०), तर कर्ज माफच करणे मुस्तहब; आणि त्याच आयतीत माफ करणे तुमच्यासाठी अधिक चांगले असे म्हटले आहे.

प्रश्न : निकाह फर्ज आहे की सुन्नत?

माणसामाणसावर अवलंबून आहे, आणि एकाच कृत्याला सगळे दर्जे कसे लागू शकतात याचे हे सर्वांत चांगले उदाहरण आहे. ऐपत आहे आणि लग्नाविना व्यभिचारात पडण्याची खात्रीच आहे, त्याच्यावर निकाह फर्ज. सामान्य परिस्थितीत सुन्नत. पत्नीचे हक्क पुरे होतील की नाही अशी रास्त शंका असेल तर मकरूह. तिच्यावर अन्याय होणारच हे ज्याला माहीत आहे, त्याच्यासाठी हराम. मुलगा दारू पितो, कामाला जात नाही, ‘लग्न केल्यावर सुधारेल’ असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी निकाह सुन्नत आहे एवढेच सांगून थांबू नये. महर (पतीने पत्नीला द्यायची रक्कम) वाजिब आहे. वलीमा (निकाहनंतरचे जेवण) सुन्नत आहे, आणि तो आपल्या ऐपतीत करायचा आहे. त्यासाठी कर्ज काढण्याला शरीअतमध्ये कसलाही आधार नाही.

प्रश्न : नफिल रोजा होता, पाहुण्यांकडे गेलो आणि त्यांनी जेवायला बसवले. काय करावे?

सुरू केलेली नफिल इबादत पूर्ण करणे हनफी पंथात वाजिब होते, आणि मोडली तर कजा करावी, म्हणजे नंतर भरून काढावी लागते. शाफई पंथात पूर्ण करणे उत्तम आहे, बंधनकारक नाही. तरीही यजमानाचे मन दुखावणार असेल तर दुपार कलण्याच्या आधी रोजा सोडण्याची मुभा हनफी विद्वानांनीही दिली आहे, नंतर कजा करण्याच्या अटीवर. निपाणीच्या आत्याने भाकरी थापायला घेतलीच असेल तर जेवावे आणि पुढच्या आठवड्यात एक रोजा धरावा.

प्रश्न : मन्नत मागितली की मुस्तहब गोष्ट वाजिब होते का?

होते, जर मानलेली गोष्ट इबादत असेल. ‘मुलगा बरा झाला तर तीन रोजे धरीन’ असे म्हटले आणि तो बरा झाला, तर तीन रोजे वाजिब झाले. ‘नवी साडी नेसेन’ यासारख्या मुबाह गोष्टीची मन्नत हनफी पंथात बंधन घालत नाही. मन्नत फक्त अल्लाहसाठी असते, हे सर्व पंथांना मान्य आहे. तिच्याने नशीब बदलत नाही, कंजुषाच्या हातून काहीतरी सुटते एवढेच, अशा अर्थाची हदीस आहे; म्हणून संकटात आधी सदका द्यावा, अटी घालू नयेत.

प्रश्न : आम्ही निपाणीचे. तंबाखूचा धंदा आणि विडीचे काम कोणत्या दर्जात येते?

तंबाखू अमेरिकेतून आला, त्यामुळे पहिल्या शतकांतील इमामांच्या काळात तो नव्हताच. अकबराच्या दरबारातील असद बेगने १६०४ च्या सुमारास विजापूरहून तो उत्तरेत नेला, म्हणजे हा वाद आपल्या दख्खनच्या वाटेनेच उत्तरेत पोचला असे म्हणता येते. उस्मानी सुलतान चौथा मुराद याने १६३३ मध्ये त्यावर कडक बंदी घातली. उलट दमास्कसचे हनफी विद्वान अब्दुल गनी नाबलुसी (मृत्यू १७३१) यांनी तो मुबाह असल्याचे लिहिले. हिंदुस्थानी उपखंडातील अनेक हनफी विद्वानांनी त्याला मकरूह म्हटले. कर्करोगाचा संबंध स्पष्ट झाल्यापासून अनेक समकालीन विद्वान त्याला हराम म्हणतात, कारण जाणूनबुजून शरीराला इजा करण्याची मनाई आहे. कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये ही हदीस तर विडीच्या वासाला सर्वांच्याच मते लागू पडते.

धंद्याचा हुकूम सेवनाच्या हुकुमामागे चालतो. जो सेवन हराम मानतो तो विक्रीही हराम मानतो, जो मकरूह मानतो तो विक्रीला नापसंत पण वैध म्हणतो. मांडीवर सूप घेऊन, पान कातरून, चिमटीने जर्दा भरून, दोरा बांधून हजारावर मजुरी घेणाऱ्या बाईच्या कमाईला मतभेदाच्या मुद्द्यावरून हराम म्हणून मोकळे होणे मला योग्य वाटत नाही. तिच्यापुढे दुसरे काम ठेवावे, मग बोलावे. ज्याच्या हातात भांडवल आणि जमीन आहे त्याला पर्याय आहे, आणि खरा प्रश्न त्यानेच स्वतःला विचारायचा आहे.

प्रश्न : कोळंबी चालते का?

शाफई पंथात चालते. हनफी पंथात पाण्यातील जिवांपैकी फक्त मासा हलाल आहे. कोळंबी मासा आहे की नाही यावर हनफी विद्वानांतच मतभेद आहेत, आणि बरेच जण ती खाण्यास हरकत घेत नाहीत. माकुल मात्र हनफींच्या मते वर्ज्य. कारवारच्या ताटातले पाहून नाक मुरडू नये, एवढे पुरे.

प्रश्न : प्रवासात चार रकातींऐवजी दोन पढणे ही सवलत आहे की बंधन?

हनफी पंथात बंधन : सुमारे ७७ किलोमीटरच्या प्रवासाला निघून वस्ती ओलांडली की चार रकाती फर्जच्या दोनच पढायच्या, आणि जाणूनबुजून चार पढणे चुकीचे. शाफई पंथात ती सवलत आहे, घ्यावी किंवा घेऊ नये. खानापूरहून बेळगावला रोज कामाला येणारा दोन्हींच्या मते मुसाफिर नाही. बेळगावहून कोल्हापूरला जाणारा आहे. स्थानिक इमामामागे उभे राहिल्यास मुसाफिरानेही चार पुऱ्या कराव्यात.

प्रश्न : डॉक्टर होणे, वकील होणे या केवळ मुबाह गोष्टी आहेत का?

व्यक्तीपुरत्या पाहिल्या तर तसे वाटते, पण त्या फर्ज-ए-किफाया आहेत : समाजातील काहींनी केल्या तर सर्वांवरचे बंधन उतरते, कोणीच केल्या नाहीत तर सर्व दोषी. जनाजाची नमाज आपण याच दर्जात ओळखतो. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी तक्रार केली होती की कित्येक गावांत मुस्लिम वैद्य नाही, तरी कोणी वैद्यकीकडे वळत नाही आणि सगळे फिकहमधील वादांच्या मागे धावतात. सीमाभागात वकील आणि मराठी-कन्नड दोन्ही कागद वाचू शकणारा जाणकार शोधायला किती हेलपाटे पडतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या तक्रारीचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

प्रश्न : मोहरमचे पंजे, गावाची जुनी रीत, ती मुस्तहब आहे का?

आपल्या भागातील अनेक गावांत मोहरमला सर्व जातींचे लोक एकत्र येतात, आणि त्या एकोप्याचे मोल मोठे आहे. पण रीत जुनी असल्यामुळे ती मुस्तहब होत नाही. मुस्तहबला कुरआन-हदीसचा आधार लागतो. तो आधार १० मोहरमच्या रोजाला आहे, आणि त्याला ९ किंवा ११ तारीख जोडावी. पंजे, डोले यांना सुन्नी विद्वानांनी इबादत मानलेले नाही, आणि अनेकांनी त्यांतील प्रथांना स्पष्ट नापसंती दिली आहे. शेजाऱ्यांना सरबत-पाणी पाजणे हे स्वतंत्र सत्कृत्य आहे; ते कोणत्याही दिवशी करावे.

प्रश्न : सरकारने मुबाह गोष्टीवर नियम घातला तर?

सार्वजनिक हितासाठी मुबाह गोष्टीवर मर्यादा घालता येते, हे फकीहांना पूर्वीपासून मान्य आहे. हेल्मेट न घालणे मूळचे मुबाह असले तरी पुणे-बंगळूर महामार्गावर ते न घालता गाडी चालवणे नियमभंगही आहे आणि जिवाशी खेळही. देशाच्या नागरिकत्वात आपण नियम पाळण्याचा करार केलेला असतो, आणि करार पाळणे फर्ज आहे.

प्रश्न : आमचा नऊ वर्षांचा मुलगा रोजा धरायचा हट्ट करतो. उन्हाळा आहे, परीक्षाही आहे. त्याच्यावर काय लागू होते?

वयात येईपर्यंत त्याच्यावर रोजा फर्ज नाही. सात वर्षांपासून नमाज शिकवावी असे हदीसमध्ये आहे, आणि रोजाची सवय अंगात ताकद पाहून लावावी. सहाबांच्या (प्रेषितांच्या साथीदारांच्या) घरांत मुलांना आशुराचा (१० मोहरमचा) रोजा धरायला लावत आणि ती भुकेने रडू लागली की लोकरीची खेळणी देऊन इफ्तारपर्यंत रमवत, असे हजरत रुबय्यिअ यांनी सांगितले आहे. म्हणून सुटीच्या दिवशी एखादा रोजा धरू द्यावा, परीक्षेच्या दिवशी समजावून थांबवावे. त्याने धरलेल्या रोजाचा सवाब त्याला मिळतो, शिकवणाऱ्या आईवडिलांनाही मिळतो. दुपारी तहान सहन झाली नाही आणि त्याने पाणी प्यायले, तर त्याच्यावर कजा नाही आणि कफ्फाराही (प्रायश्चित्त) नाही.